तारीखवाले

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक तारीखवाला असतो. त्या जागेची जाहिरात कधी निघत नाही. कॉलेजातून येतो तेव्हा तो चारचौघांसारखाच असतो. मग एके दिवशी पडद्यावर तारीख नीट दाखवायचं काम त्याच्या वाट्याला येतं. 'अर्ध्या तासाचं काम आहे,' असं वरिष्ठ सांगतात आणि माणूस तिथून कामातून जातो.

आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातले तारीखवाले आता पन्नाशीला आलेत. त्यांना संध्याकाळी 'आज काय तारीख?' असं विचारायची सोय नाही. 'कुठली सांगू? ऑकलंडला उद्याची लागलीय,' असं उत्तर येतं. कुणी मेलमध्ये ०४/०५/२०२४ असं लिहिलं की ते चहाचा कप खाली ठेवतात.

'चार मे की पाच एप्रिल?'

'सर, आपण भारतात आहोत.'

'आपण आहोत. गिऱ्हाईक शिकागोत आहे.'

त्यांच्या मते आयएसओ ८६०१ आलं त्या १९८८ सालीच हा वाद मिटला. लोकांना कळवायचं तेवढं राहून गेलं. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशा तारखा अक्षरक्रमाने लावल्या तरी कालक्रमाने लागतात. त्यांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांवरही २०२४-०५-१२ अशा चिठ्ठ्या आहेत. काकू म्हणतात, वास घेतला की कळतं. पण वासाला प्रमाण नाही.

नव्या पोरांना ते जवळ बसवून शिकवतात आणि पोरं भेदरून उठतात. जावात मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिटं. सी भाषेच्या फंक्शनात नेमकं उलट. एकाने घाईत लहान एम लिहिला आणि पावतीवर सत्तेचाळिसावा महिना छापून आला. ही चूक त्यातल्या त्यात सज्जन म्हणायची, कारण ती लगेच दिसते. मोठा वाय मात्र दबा धरून बसतो. लहान वाय म्हणजे आपलं साधं वर्ष. मोठा वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षात मोजला जातो ते वर्ष. जवळपास बाराही महिने दोघांचं उत्तर एकच, त्यामुळे चाचणीत काही सापडत नाही. आणि डिसेंबर संपता संपता ३१ डिसेंबर २०१९ चं ३१ डिसेंबर २०२० होऊन बसतं. थर्टी फर्स्टला सगळं ऑफिस लोणावळ्याला जातं. तारीखवाले डबा घेऊन ऑफिसात.

एखाद्या अर्जात जन्मतारीख १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी दिसली, की त्यांना जुना दोस्त भेटल्यासारखं होतं. युनिक्सचा काळ ग्रिनिचच्या त्या मध्यरात्रीपासून सेकंदांत मोजतात. रकाना रिकामा राहिला आणि त्याचा शून्य झाला, की आपल्याकडे हीच वेळ उमटते. 'बाळ कॅलिफोर्नियात असतं तर आदल्या वर्षीच जन्मलं असतं,' असं ते कौतुकाने सांगतात. तिथे तोच शून्य ३१ डिसेंबर १९६९, दुपारी चार असा दिसतो.

ते छळवादी आहेत, यात वाद नाही. पण ते म्हणतात ते खरं निघतं, आणि माझ्या मते त्यांचा राग येतो तो यामुळेच.

मागे त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, नागपूरला. निम्मे पाहुणे न्यू जर्सीहून पडद्यावर अक्षता टाकणार. पत्रिकेच्या मजकुरात तारीखवाल्यांनी स्वतः लिहिलं: '१८:४२, भारतीय प्रमाणवेळ, यूटीसी अधिक ५:३०.' काकूंनी कपाळाला हात लावला आणि गुरुजींना बोलावून घेतलं. आता गुरुजीच ह्यांना गप्प करतील, अशी सगळ्यांची आशा.

गुरुजींनी चष्मा लावून मजकूर वाचला. 'प्रमाणवेळ ठीक आहे हो, पण सूर्योदय कुठला धरलात? ह्या पंचांगात मुंबईचा आहे. नागपूरला सूर्य चांगला वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो.'

तारीखवाल्यांनी खुर्ची पुढे ओढली. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. मग काय विचारता! पंचांगातला वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. सोमवारी पहाटे तीनला झालेलं मूल रविवारचंच. काही पंचांगांत तर रात्री दोनला चक्क २६ वाजतात. 'म्हणजे तारीख न बदलता पुढे मोजायचं!' असं म्हणत तारीखवाल्यांनी वही काढली. दोनदा चहा झाला. छापखान्यातून तिसरा फोन आला, तसा काकूंचा धीर सुटला.

'अहो गुरुजी, लिहायचं काय ते सांगा एकदाचं.'

'आकडा घालूच नका,' गुरुजी म्हणाले. 'गोरज मुहूर्त म्हणा आणि मोकळे व्हा.'

तारीखवाल्यांनी क्षणभर विचार केला. 'चालेल. पण गायी नागपूरच्या, एवढं कंसात घालू या.'