नानांचा फ्रेंच गोळा

अहो वहिनी, जरा भिंतीशी या. मेथी राहू द्या हातात, निवडता निवडता ऐका. मोठ्यानं बोलण्यासारखं नाही, वारा त्यांच्याच घराकडे आहे. शेवटच्या घरातल्या नानांनी काय आणलंय, कळलं का? पेपरवेट! काचेचा गोळा. फ्रान्सचा म्हणे, सन 1820चा. विकणाऱ्यानं तशी चिठ्ठीच लिहून दिलीय. किती मोजले ते नाना सांगत नाहीत, पण त्यांच्या मंडळींच्या पोटात राहिलं नाही. मी मात्र आकडा सांगायची नाही. सांगितला की संध्याकाळच्या आत चिंचखेड चौफुलीवर पोचेल. एवढंच समजा, बागेच्या दोन फवारण्या निघाल्या असत्या त्यात. आणि हे सगळं कशासाठी, तर आमच्या ह्यांच्यावर कडी करायला.

तुम्ही पाहिलंयच, आमच्या शोकेसमध्ये कपबश्या नाहीत, पेपरवेटं आहेत. हे जन्मभर आडतीच्या गाळ्यावर दिवाणजी. कांद्याचा लिलाव झाला की सौदापट्ट्या, काटापट्ट्या, हिशेबपट्ट्या यांचा ढीग टेबलावर, डोक्यावर पंखा पाचवर, आणि कांद्याची टरफलं घरभर उडाल्यासारखी गाळाभर. एक पट्टी उडाली की शेतकरी दारात उभा, चुकवायचे कुणाचे आणि किती? तिथे पेपरवेट असेल तरच पान हलायचं नाही, असा कारभार. पुढे बिलं कॉम्प्युटरवर निघायला लागली आणि गोळे खिडकीत जाऊन पडले. निवृत्तीच्या दिवशी शेठनी विचारलं, काय देऊ? ह्यांनी टेबलावरचा गोळा मागितला. शालही मिळाली, ती मी वापरते.

तेव्हापासूनचा हा नाद. बंद पडलेलं शिंप्याचं दुकान, वकिलांची जुनी पेढी, भंगारवाल्याची हातगाडी, काही सुटत नाही. सरकारी कचेरीतलं मात्र एकही नाही हो आमच्याकडे, उगाच कुणी काही म्हणायला नको. तिथे डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते. साहेब बदलतात, गोळा बदलत नाही.

बहुतेक माल फिरोजाबादचा. बांगड्यांचं गाव ते, पण भट्टी आहे म्हटल्यावर बांगड्यांवर थोडंच थांबतं कुणी? गाळ्यावरचाच गोळा बघा. काच जरा हिरवट, आत लाल-पांढरं पाच पाकळ्यांचं फूल, आणि प्रत्येक पाकळीच्या मुळाशी एकेक बुडबुडा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. मला वाटायचं, हा काचेतला दोष. हे म्हणाले, अगं, मुद्दाम करतात तो. काच मऊ असताना टोकदार सळईनं खड्डा पाडायचा, वरून दुसऱ्या काचेचा थर घ्यायचा, की खड्ड्यातली हवा आत कोंडते आणि उष्णतेनं गोल होऊन बसते. एका बाजूला टवका उडालाय. शेठ चिडले की गोळा आपटायचे, त्याची खूण.

हो, सांगते, नानांचंच सांगते. त्यांनी ह्यांना बघायला बोलावलं. हे गेले भिंग आणि बॅटरी घेऊन, मी गेले चहाला. गोळा मखमलीवर ठेवलेला. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू! आत शेकडो इवली इवली रंगीत फुलं दाटीवाटीनं बसवलेली. इटलीतले लोक त्याला मिलेफिओरी म्हणतात, हजार फुलं. ही फुलं करतात कशी, ठाऊक आहे? रंगीत काचेचे थर एकावर एक चढवून साच्यात नक्षीचा जाड दांडा करायचा. तो तापवून दोघांनी दोन टोकांना धरून उलट्या दिशांना चालत सुटायचं. दांडा ताणत ताणत बोरूइतका बारीक होतो, पण आतली नक्षी मोडत नाही, नुसती लहान होते. मग त्याच्या चकत्या पाडायच्या. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीत तेच चक्र निघतं ना, तसं. त्या चकत्या मांडून त्यांच्यावर तापलेल्या बिनरंगी काचेचा गोळा टेकवायचा, त्या चिकटून येतात, मग वर काचेचा घुमट चढवायचा. घुमटाचंच भिंग होतं, म्हणून फुलं आहेत त्याहून मोठी दिसतात. शेवटी हळूहळू निववायचं. घाई केली की तडा गेलाच.

तर हे फ्रान्सात सुरू कधी झालं? 1845च्या सुमाराला. व्हेनिसच्या पिएत्रो बिगाल्या नावाच्या कारागिरानं त्या साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात असले गोळे मांडले. ते पाहून फ्रान्समधल्या सँ लुई, बाकारा आणि क्लिशी या तीन कारखान्यांनी पुढची पंधराएक वर्षं नुसता धडाका लावला. टपाल स्वस्त झालं होतं, जो तो पत्रं लिहायला बसायचा, मग दौत, टाक, लाख आणि वर हा गोळा असा थाट. विकायचेसुद्धा कागद-शाईच्या दुकानात. 1860पर्यंत हौस ओसरली. त्या काळातलं जे, तेच संग्राहकांना हवं असतं. बाकाराच्या काही गोळ्यांत फुलांच्या गर्दीत एवढासा ‘बी’ आणि खाली 1848 किंवा 1847 असा सालाचा आकडाच असतो. शोधायला भिंग लागतं. काहींत कोंबडा, हत्ती, माकड अशी सावलीचित्रं. तिथल्या मॅनेजरच्या लहानग्या भाच्यानं कागदाची जनावरं कापली होती, त्यावरून ती केली म्हणतात.

आता तुम्हीच हिशेब करा. गोळे सुरू झाले 1845ला आणि नानांची चिठ्ठी म्हणते 1820. म्हणजे पोर बापाच्या आधी जन्मलं!

हे काही बोलले नाहीत. उलटा करून बूड पाहिलं, बॅटरी मारली, तळहातावर तोलून पाहिला, म्हणाले, “छान आहे,” आणि चहा प्यायले. घरी येऊन मात्र सगळं ओकले. म्हणाले, जुना गोळा टेबलावर दीडशे वर्षं सरकलेला असतो, बुडाला बारीक ओरखडे असतात आणि ते कसेही, वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. नानांच्या गोळ्याचे सगळे ओरखडे एका ओळीत. पॉलिशपेपर मारलाय कुणीतरी. शिवाय जुन्या फ्रेंच काचेत बहुधा शिसं असतं, हाताला जड लागते. हा आकाराच्या मानानं हलका, काच पिवळसर, फुलांच्या कडा ओघळलेल्या. 1930च्या सुमाराला चीनमध्ये जुन्या गोळ्यांवरून नकला निघाल्या, तो वाण असावा किंवा त्याच्याही नंतरचा. मी म्हटलं, मग सांगायचंत ना तिथेच! तर म्हणाले, माणूस दोन रात्री झोपला नसता. बरं केलं की वाईट, तुम्ही ठरवा. मी असते तर सांगितलं असतं, फक्त त्यांच्या मंडळींच्या कानात.

नानांचंही अगदीच चुकत नाही म्हणा. ह्या वेडानं भल्याभल्यांना खाल्लंय. कोलेत नावाची फ्रेंच लेखिका अंथरुणाला खिळली होती, पण भोवती हे गोळे मांडलेले. ट्रुमन कपोटी हा अमेरिकेचा लेखक तिला भेटायला गेला, तर तिनं त्याला पांढऱ्या गुलाबाचा एक बाकारा गोळा दिला. झालं! तो जन्मभर गोळे शोधत फिरला. इजिप्तच्या फारूक राजाकडे तर ढीग. 1952ला गादी गेली, 1954ला नव्या सरकारनं कैरोच्या राजवाड्यातल्या वस्तूंचा लिलाव मांडला, त्यात राजाचे पेपरवेटही बोलीवर चढले. आपल्या मार्केटात कांद्याचा होतो तसाच उघडा लिलाव हो. हे वाचून आमचे हे दिवसभर खुशीत. म्हणे, राजाचाही माल शेवटी लिलावातच आला.

पण मला विचाराल तर आपल्याकडच्या काचेची गोष्ट त्या बाकाराहून रंगतदार आहे, आणि तिचं कुणाला काही नाही. तळेगाव दाभाड्याला 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एकेक पैसा मागायचे, लोकमान्यांचा पाठिंबा. ईश्वरदास वार्ष्णेय जपानहून काच शिकून आलेले, ते आले शिकवायला. एकेका पैशावर भट्टी पेटली आणि तिथं तयार झालेले कारागीर देशभरच्या कारखान्यांत गेले. मग 1916ला कराडजवळ ओगल्यांचा कारखाना, औंधच्या राजांच्या पाठबळावर. प्रभाकर कंदील त्यांचाच. माझ्या माहेरी ओट्यावर होता, त्याची चिमणी राखेनं पुसायचं काम माझं, आणि फुटली की मार पण माझाच.

आमच्या शोकेसमध्ये एक साधा पांढरा गोळा आहे, फूल नाही, बुडबुडा नाही, काही नाही. हे छातीठोक सांगतात, तळेगावचा. कशावरून? तर पुण्याच्या जुन्या बाजारात विकणारा म्हणाला म्हणून. मी विचारलं, मग नानांच्या चिठ्ठीत आणि तुमच्या विकणाऱ्यात फरक काय? दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

तिथून मात्र एक सुधारणा झाली. आता प्रत्येक गोळ्याखाली चिठ्ठी असते. कुठल्या टेबलावरचा, कुणी दिला, कधी, आणि माहीत नसेल तर सरळ ‘माहीत नाही’. फुलापेक्षा मला तीच वाचायला आवडते. ‘शिंपी, माडीवरचं दुकान, मापाची वही उडू नये म्हणून.’ नानांचा फ्रेंच गोळा समजा खरा निघाला असता, तरी त्याच्याखाली काय लिहिणार होते? ‘विकत घेतला.’

पुण्यात दिनकर केळकरांनी काय वेगळं केलं? चष्म्याचं दुकान त्यांचं, ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करायचे. हातात पैसा आला की अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, लोकांनी माळ्यावर टाकलेलं सगळं गोळा करत गावोगाव फिरायचे. त्यांच्या लहानग्या मुलाच्या, राजाच्या नावानं ते संग्रहालय, आणि 1975ला सगळं सरकारला देऊन टाकलं. कमलाबाईंची साथ होती म्हणून जमलं. ह्यांना मी तेच ऐकवते. ते म्हणतात, तुझी पण आहेच की. आहे हो, फडकं मारण्यापुरती.

अरे हो, मुख्य राहिलंच! नानांच्या गोळ्याला तडा गेलाय. परवाच्या थंडीत निफाडचा पारा किती उतरला होता, आठवतंय ना? बागांतून शेकोट्या पेटल्या होत्या. त्या सकाळी सूनबाईंनी गारठलेला गोळा उचलला आणि धुवायला थेट गिझरच्या पाण्याखाली धरला. टचकन आवाज! आता ती म्हणते आधीपासूनच होता, सासूबाई म्हणतात मला काही विचारू नका, आणि नाना अजून मखमलीवरच ठेवतात, तड्याची बाजू भिंतीकडे करून. नशीब खिडकीत ठेवत नाहीत. उन्हात गोळ्याचं भिंग होतं, खाली कागद असला तर धूर निघायला वेळ लागत नाही. आमच्या द्राक्षाच्या बिलावर तपकिरी ठिपका पडलाय तो त्यातलाच.

तुमच्या मामंजींची लोखंडी ट्रंक माळ्यावर आहे ना अजून? सोसायटीत सेक्रेटरी होते ते, त्यांच्या टेबलावर निळा गोळा असायचा, मला पक्कं आठवतंय. काढून बघा एकदा. धुवायचा तर कोमट पाण्यानं, आणि सासूबाईंना आताच विचारून लिहून ठेवा तो कुठून आला ते. नाना विकत मागायला येतील, देऊ नका. आणि सापडला तर हाक मला मारा, ह्यांना नको. ह्यांच्या नजरेला पडला की तो आमच्या शोकेसमध्ये येणार, आणि पुसायला मला आहेत तेवढेच पुष्कळ झालेत.