बोलावलं तरच येणारी बस

मारामारी कसली वहिनी, काहीतरीच काय! आमच्या धाकट्याच्या दंडावर काल तुम्ही गच्चीतून जो जांभळा वण पाहिलात ना, तो पेंटबॉलचा. जर्मनीतून निघायच्या आधीच्या रविवारी खेळून आला, आणि विमानातून उतरला तो हा असा. आता हे तुम्ही मलाच विचारलंत म्हणून बरं, नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सकाळी दूध आणायला गेले तर तिथे कथा तयार होती, की तिकडे म्हणे त्याला कुणीतरी गाठून मारलं. कोथरूडला बातमी पोचायला मेट्रोसुद्धा लागत नाही हो.

खेळ तसा साधा आहे. हातात हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, त्यात रंगाच्या गोळ्या. ज्याला गोळी लागून फुटली तो बाद. दोन गट पाडायचे, लाकडी फळ्यांच्या, हवा भरलेल्या फुग्यांच्या आडोशाला लपायचं आणि दुसऱ्याचा झेंडा पळवून आणायचा. आमचे हे म्हणाले, “आपली रंगपंचमी काय वाईट होती?” आता यांना कोण सांगणार, की रंगपंचमीला समोरचा पिचकारी चुकवून पळाला तरी आपण त्याच्या घरात शिरून त्याला भिजवतोच. इथे नियम आहेत, पंच आहेत आणि मुख्य म्हणजे तोंडावरचा मुखवटा मैदानात काढायचाच नाही. काढलात की पंच खेळ थांबवतो. बरोबरच आहे, डोळा एकदा गेला की गेला.

सुरुवात कशी झाली ते ऐका, मला फार गंमत वाटली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हेनिकर म्हणून गाव आहे. 1981च्या जून महिन्यात, 27 तारखेला, तिथल्या जंगलात बारा माणसं पहिल्यांदा हा खेळ खेळली. वाद असा होता की शहरात शेअर बाजारात मुरलेला माणूस जंगलात टिकेल, की गावाकडचा? एक लेखक आणि त्याचा न्यूयॉर्कचा दलाल मित्र, दोघं यावर किती दिवस भांडले कोण जाणे. शेवटी त्यांच्या हाती नेल्सन नावाच्या रंग कंपनीची बंदूक लागली. तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून खूण करायची बंदूक होती ती. तिने एकमेकांवर खुणा करायच्या असं ठरलं. आणि जिंकला कोण? जंगलातच नोकरी करणारा एक गडी. त्याने चारही झेंडे गोळा केले आणि दिवसभरात एकदाही गोळी झाडली नाही! बाकीचे ठो ठो करत बसले आणि हा गुपचूप झाडाआडून सगळं उचलून घेऊन गेला. मला तर तोच खरा खेळाडू वाटतो.

गोळी ना? गोटीएवढी असते, सतरा मिलिमीटरची. वरचं कवच जिलेटिनचं, म्हणजे औषधाच्या कॅप्सूलचं असतं ते. हो, प्राण्यांपासून काढलेलंच बहुधा, त्यामुळे एकादशीला तोंड मिटून खेळावं. आतला रंग पाण्यात विरघळणारा, कपडे पहिल्याच धुण्यात स्वच्छ होतात, ते मी स्वतः धुतलेत म्हणून सांगते. आत रंगाबरोबर जे द्रव्य असतं ते पोट साफ व्हायच्या औषधातही वापरतात म्हणे. पण तुमच्या मोत्याला मात्र कधी खाऊ देऊ नका, कुत्र्यांना ते बाधतं, फार आजारी पडतात. वेग विचाराल तर जर्मनीत बंदुकीला साडेसात ज्यूलची मर्यादा आहे. तीन ग्रॅमची गोळी धरली तर तासाला अडीचशे किलोमीटर होतात! धाकट्याने पाठकोऱ्या कागदावर गणित करून दाखवलं. मग वण उठणार नाही तर काय होणार?

नियम तिकडे कडक आहेत, आणि त्याला कारणही आहे. 2009 साली स्टुटगार्टजवळ विनेंडेन म्हणून गाव आहे तिथे शाळेत गोळीबार झाला. पंधरा माणसं गेली हो. त्यानंतर सरकारने या खेळावरच बंदी घालायचं मनात घेतलं होतं. ते पुढे बारगळलं. पण अठरा वर्षांच्या आतल्या कुणाला ती बंदूक विकत मिळत नाही आणि स्वतःची असली तरी गाडीत, बसमध्ये ती कुलूपबंद पेटीतच न्यायची. म्हणून धाकटा आणि त्याचे मित्र सगळं मैदानावरच भाड्याने घेतात. बंदूक, मुखवटा, अंगावरचा झगा, सगळं. आणि वहिनी, त्या धंद्यातली मेख माझ्या लगेच लक्षात आली. भाडं माफक असतं, पैसे गोळ्यांचे लागतात. दोन हजार गोळ्यांचा एक खोका असतो आणि पोरं अशी उडवतात की आमच्या बापाने दिवाळीत लवंगी फटाका सुटा करून एकेक लावायला शिकवलं होतं त्याची आठवण यावी.

आता खरी गोष्ट. मी गेल्या वर्षी तिकडे होते तेव्हा एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले. खेळायला नाही हो, डबा घेऊन! जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात हे तुम्हाला माहीत आहे ना? स्टेशनातलं एखादं दुकान आणि सकाळची बेकरी सोडली तर सगळा शुकशुकाट. आणि ही मैदानं असतात गावाबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, जाळ्या लावलेली, कुंपण घातलेली. आपल्या भोसरीच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी जाऊन उभं राहिलात तर काय मिळेल? म्हणून मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी घेतली.

पोरांपैकी एकाकडेही गाडी नाही. तिकडे नोकरी असूनही नाही, आणि त्याची लाजही नाही. मे 2023मध्ये त्यांच्याकडे सगळ्या देशात चालणारा एक मासिक पास निघाला, लोकल, बस, ट्राम, सगळ्याला. जलद लांब पल्ल्याच्या गाड्या तेवढ्या सोडून. सुरुवातीला 49 युरोला होता, मग 2025 मध्ये 58 झाला, 2026 पासून 63. म्हणजे सहा हजारांच्या वर गेला की! पण धाकटा म्हणतो, गाडी ठेवली तर नुसता तिचा विमा आणि पार्किंग यातच तेवढे जातात. पाहुण्यांसाठी त्या राज्याचं एक दिवसाचं तिकीटही मिळतं, एकावर पाच जणांपर्यंत जाता येतं, माणूस वाढला की थोडे पैसे वाढतात. स्टेशनात फाटकं नाहीत, कुणी तिकीट पंच करा म्हणत नाही, सरळ जाऊन बसायचं. मला वाटलं, अरे, हे तर फुकट. मग आला साध्या कपड्यातला तपासनीस. तिकीट नसेल तर साठ युरो दंड. पुढच्या बाकावरच्या पोराला झाला, माझ्या डोळ्यांदेखत.

आम्ही निघालो त्या स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन मात्र बघून मला पुण्यात आल्यासारखं वाटलं. 2010 पासून खोदून ठेवलंय! सगळ्या गाड्या जमिनीखालून न्यायच्या म्हणून. 2019ला उघडायचं होतं. आपल्याकडे असतं तर काय काय बोललो असतो आपण. आणि तुम्हाला सांगते, या स्टुटगार्टचं मुंबईशी 1968 पासून भगिनी-शहराचं नातं आहे. मुंबईशी! आमची अर्धी पोरं बोट क्लब रस्त्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन घोकून तिकडे गेली, त्यांच्या गाड्या इथे चाकणला तयार होतात, आणि बहीण मुंबई. असो.

तर एस-बान म्हणजे त्यांची लोकल घेतली, वीसेक मिनिटांत एका छोट्या स्टेशनवर उतरलो. पुढे बस. थांब्यावर छापील वेळापत्रक, त्यात रविवारच्या रकान्यात मोजक्या वेळा आणि त्यांच्यापुढे टेलिफोनचं इवलंसं चित्र. पोरांनी वेळ पाहिली, चित्र पाहिलं नाही. उभे राहिलो. वेळ झाली, बस नाही. मी म्हटलं, अरे जर्मन लोक घड्याळाचे ना? तेवढ्यात कुत्रं फिरवायला एक आजीबाई आल्या, त्यांनी ते चित्र बोटाने दाखवलं. त्याचा अर्थ असा की ही बस बोलावलं तरच येते! आधी, साधारण तासभर आधी, फोन करून सांगायचं की अमुक थांब्यावरून एवढी माणसं आहेत, मग एक छोटी टॅक्सी त्या वेळेला येते. फोन नाही केला तर कुणीच येत नाही, कारण रिकामी गाडी फिरवायची कशाला? रूफटॅक्सी म्हणतात तिला. ऐकून आधी मला हसूच आलं, बसला काय आवतण द्यायचं! पण नंतर विचार केला, वाईट काय आहे? दिवसभर रिकामी बस पळवण्यापेक्षा आणि बस नाहीच म्हणण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

आम्ही चालत गेलो शेवटी. पुऱ्या हातात, पाच-सहा पोरं पुढे आणि मी मागे. तीन किलोमीटर असतील. पण परतताना फोन आधी झाला, आणि सांगितलेल्या मिनिटाला टॅक्सी हजर. तो ड्रायव्हर तुर्की होता, त्याने डब्याचा वास ओळखला. त्याला दोन पुऱ्या दिल्या.

हां, तर मी म्हणत होते की पेंटबॉल काही परदेशाचीच मिजास राहिली नाही. लोणावळ्याजवळ कुणेगावला डेला अ‍ॅडव्हेंचर पार्क आहे, तिथे आहे, मुळशीकडे, कामशेतकडे कॅम्पवाल्यांच्या यादीतही असतं. पण आपल्याकडे तो कंपनीचा खेळ झालाय. तुमची सूनबाई नाही का हिंजवडीहून गेली होती? एचआरवाल्यांनी बस केली, नाश्ता दिला, मोजून गोळ्या दिल्या, साहेबाला सगळ्यांनी नेम धरून मारलं आणि संध्याकाळी दारात आणून सोडलं. कुठे गेलो होतो ते विचारलं तर सांगता येणार नाही. ज्याच्याकडे गाडी किंवा कंपनी, त्याचा खेळ. कॉलेजच्या पोरांनी काय करावं? मग काढतात दुचाकी, तिघं तिघं बसून, आणि जातात हायवेने. तुमच्या नातीला लोणावळ्याला खेळायला जायचंय ना, तर तुमचा मुलगा तिला नाही म्हणतो तो खेळाला नाही हो, त्या दुचाकीला नाही म्हणतो. आणि मीही त्याच्याच बाजूची आहे.

पण जाता येतं! मला धाकट्यानेच काल जेवताना मांडून दाखवलं. वनाजला मेट्रोत बसायचं, डिस्ट्रिक्ट कोर्टला खाली उतरून दुसरी लाइन पकडायची, पुढचंच स्टेशन शिवाजीनगर. तिथून रेल्वेच्या शिवाजीनगरला चालत. मग आपली लोणावळा लोकल, 1978 पासून धावतेय, आपण कॉलेजात असताना पहिल्यांदा कार्ल्याला तीतूनच गेलो होतो ना? खडकी, पिंपरी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, कामशेत, मळवली... खिडकीशी बसायला मिळालं तर पावसाळ्यात पैसे वसूल. फक्त दुपारच्या गाड्या बघून ठेवायच्या, त्या वेळेला हवी तेव्हा मिळत नाही. लोणावळ्याला उतरलं की रिक्षा, आणि रिक्षाचं बसायच्या आधी ठरवायचं, जाण्याचं आणि परत येण्याचं दोन्ही.

परतीचंच सगळं असतं वहिनी. आपली ट्रेकवाली पोरं बघा, सिंहगडाला पायथ्यापर्यंत पीएमपीएमएल जाते म्हणून तो घराघरांतला झाला. राजगड-तोरण्याला वेल्ह्याची एसटी. आमच्या तरुणपणी तर मुक्कामी गाडीचं वेळापत्रक पाठ असायचं, संध्याकाळी गावात जाऊन झोपणारी आणि पहाटे कोंबड्याआधी सुटणारी. ती चुकली की मुक्काम, घरी फोन नाही, आई दारात. आताशी एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023च्या मार्चपासून. यांना तर पंचाहत्तरी झाल्यावर फुकटच, म्हणून हे उठसूट वाईला जायला निघतात, मेणवलीच्या घाटावर बसतात आणि परत येतात. पण खेळाच्या मैदानापर्यंत शेवटचे जे तीन-चार किलोमीटर असतात ना, तिथे एसटी नाही, मेट्रो नाही, रिक्षावाला म्हणेल तो भाव. कुणी म्हणेल पेंटबॉलला बस कशाला लावायची? अहो, पेंटबॉलला नाही हो. त्या रस्त्यावर शाळेत जाणारी पोरं आहेत, कामाला जाणाऱ्या बायका आहेत. चार जणांनी फोन करून एक टमटम वेळेवर येणार असेल तर सगळ्यांचीच सोय.

काय म्हणता, नात किती जणी जाणार म्हणाली? सहा? म्हणजे दोन रिक्षा. पैसे वाटून घेतले की फारसे नाहीत. मुखवटा घट्ट आहे ना ते तिथे आधी तपासायचं, काच चरे पडलेली असेल तर दुसरा मागायचा, लाजायचं नाही. पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट घालायचा, केस बांधायचे. अंधार पडायच्या आत निघायचं आणि लोकलमध्ये बसल्यावर मेसेज. आणि मी मधे पडते म्हणून सांगू नका हं तिला, नाहीतर मी म्हणजे सगळ्या आळीची कंडक्टर व्हायची.

तुमचा मुलगा किती वाजता येतो हो? साडेआठ? बरं, त्याला सरळ वर जाऊ देऊ नका. आमचा धाकटा अजून चार दिवस आहे, तो बोलेल त्याच्याशी. पोरांचं पोरांना कळतं. तुम्ही फक्त त्या वेळी मधे “पण दुचाकीवर...” असं काढू नका. आणि आता आत जा, तुमच्या कुकरची तिसरी झाली.