कुठली केस परवडेल?

प्रत्येक ऑफिसात एक स्कार्फवाली असते. आमची मला पहिल्यांदा भेटली ती नळ स्टॉपच्या सिग्नलला. भेटली म्हणजे गॉगल दिसला. बाकी सगळं गुंडाळलेलं. "अगं, ओळखलं नाहीस?" असं गॉगलनेच विचारलं. पुण्यात स्कूटरवरची बाई चेहऱ्यावरून ओळखायची नसते, स्कार्फच्या रंगावरून ओळखायची असते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

१ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटचा बडगा उगारला, तेव्हा सगळं पुणं तत्त्वासाठी भांडत होतं. हिचं भांडण शुद्ध व्यावहारिक. "हेल्मेट घातलं की केस बसतात, नाही घातलं की केस होते. सांग, कुठली केस परवडेल?" शेवटी आत स्कार्फ, वर हेल्मेट असा तह झाला.

पण रस्ता हे तिचं खरं क्षेत्र नव्हेच. तिची कला ऑफिसच्या आरशासमोर फुलते. तोंडावरचा स्कार्फ सुटतो, त्याची आधी त्रिकोणी घडी होते, मग चार बोटं रुंदीची पट्टी. ती मानेखालून घेऊन कपाळाच्या जरा वर गाठ मारायची, टोकं आत खोचायची, की झाला हेअरबँड. "तेल लावलंय हे कुणाच्या बापाला कळणार नाही," असं ती तेलकट बटा आत सारत सांगते. दुपारी जेवणानंतर पोनी आणि रबरबँडवर स्कार्फची गाठ, टोकं खाली सोडलेली. महिनाअखेरीच्या मीटिंगला वेणी: दोन पेड केसांचे, तिसरा स्कार्फचा. आमच्या आज्या गंगावन लावून वेणी जाड करायच्या. हिने तेच काम तुळशीबागेतल्या रुमालाकडून करून घेतलं. हळदीकुंकवाला मात्र अंबाड्याभोवती गुंडाळते. गजऱ्यासारखा सुकत नाही म्हणे. वासाचं काय, ते मी विचारलं नाही.

शिकवण्याची हौस दांडगी. कुणी केस मोकळे सोडून आलं की हिचे हात शिवशिवतात. "साटीनचा नको गं, न्हालेल्या केसांवरून सुळकन घसरतो. सुती घे. आणि साटीनच हवा असेल तर आदल्या दिवशी न्हा, खाली दोन पिना फुलीसारख्या लाव." हे मात्र शंभर टक्के खरं आहे. मी साटीनवर दोनदा तोंडघशी पडले आहे.

मोबाइलच्या कव्हरवर तिने १९४३ सालचं ते अमेरिकी पोस्टर छापून घेतलंय: बाही सारलेली, दंड दाखवणारी, डोक्याला ठिपक्यांचा लाल रुमाल बांधलेली कामगार बाई. युद्धकाळात कारखान्यातल्या बायका केस यंत्रात अडकू नयेत म्हणून रुमाल बांधत. हिच्या केसांना धोका फक्त टेबलफॅनचा. पण आवेश तोच.

परवा गंमत झाली. स्कार्फ धुऊन वाळत टाकलेला, तो उडून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळवणावर पडला, आणि काकू दार उघडेनात. बाई उघड्या डोक्याने ऑफिसला आल्या. वॉचमनकाकांनी फाटकातच अडवलं. "कोण पाहिजे मॅडम?" हिने आयकार्ड दाखवलं, त्यावरच्या फोटोतही हेअरबँड. काका फोटो बघत, हिला बघत, पुन्हा फोटो बघत.

मी मागेच होते. डब्याभोवतीचा चौकड्यांचा रुमाल सोडून तिला दिला. तिने तिथेच स्कूटरच्या आरशात बघत त्रिकोण, चार बोटं, मानेखालून वर, गाठ केली. काका खाडकन सलाम ठोकून म्हणाले, "असं सांगायचं ना मॅडम!"

दिवसभर तिच्या डोक्याला लसणाच्या फोडणीचा वास येत होता. तरी संध्याकाळपर्यंत तिघीजणी विचारून गेल्या, "कुठून घेतलास गं?"