कुकर बसेल का?

हे निवृत्त झाले त्याच संध्याकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अगं, घर विकू आणि शिडाच्या बोटीवर राहायला जाऊ."

माझं माहेर मालवण. तिथे बोटीवर गेलेला माणूस कधी एकदा घरी परततो याची वाट बघतात. बोटीलाच घर करायचं कुणाच्या स्वप्नात येत नाही. हे मूळचे सोलापूरचे. लहानपणी पाणी बघितलं ते सिद्धेश्वर तलावाचं. पुढची तीस वर्षं इंग्लंडात रेडिंगला गेली, तिथेही समुद्र नाही. खूळ लागतं ते अशाच माणसांना.

पहिल्या शनिवारी आम्ही दक्षिण किनाऱ्याला निघालो. यांच्या लॅपटॉपमध्ये बेचाळीस रकान्यांचा तक्ता होता: कीलची खोली, इंजिनाचे तास, डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या, सगळं. स्वयंपाकाचा रकाना नव्हता. तो माझ्या पिशवीत होता, पाच लिटरचा.

लिमिंग्टनला 'कॉन्टेसा ३२' बघितली. हिचा जन्मही त्याच गावचा. बोट इतकी देखणी, की तिला हात लावण्याआधी साडीला पुसावा असं वाटलं, आणि मी तर पँटमध्ये होते. यांनी १९७९ सालच्या फास्टनेट शर्यतीची कथा लावली. त्या वादळात पंधरा शर्यतवीर गेले आणि सगळ्यात लहान बोटींच्या वर्गातून शर्यत पुरी केली ती एका कॉन्टेसाने. कथा संपवून ताठ उभे राहिले आणि डोकं छताला आपटलं. मी म्हटलं, "अहो, आपल्याला वादळात राहायचंय की घरात?" शिवाय त्या शेगडीवर कुकर ठेवला तर झाकण लावायला जागा नव्हती.

हँबलला दोन सांगाड्यांची कॅटामरान होती. आत ऐसपैस हॉल, तीन बाजूंनी खिडक्या, कुकर काय, आख्खी पंगत बसली असती. दलालाने किंमत सांगितल्यावर आम्ही दोघं एकदम खिडकीबाहेरचं सौंदर्य बघू लागलो. वर अशा रुंद बोटीला मरीनात बऱ्याच ठिकाणी दीडपट भाडं.

परतताना गाडीत हे म्हणाले, "रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 'सुहेली'तून ३१२ दिवस न थांबता जगाला फेरी मारून आले. १९६९ साली. ३२ फूट बोट! आणि बांधलेली कुठे? आपल्या मुंबईत, सागवानात!"

"एकटे होते ना? मग पुरणारच जागा."

तिसरी बोट होती पोर्चेस्टरला, रोमन लोकांनी बांधलेल्या किल्ल्याच्या तटाजवळ. वेस्टर्ली सेंटॉर. २६ फूट. १९६९ पासून या जातीच्या दोन हजारांहून जास्त बोटी बनल्या. रूप यथातथाच, पण पोटाखाली एकाऐवजी दोन कील, त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ही आडवी न पडता चिखलात म्हशीसारखी निवांत बसते. म्हातारे मालक आम्हाला वल्ह्याच्या होडीतून घेऊन गेले. चिखलाचा वास आला आणि मला एकदम माहेरची खाडी आठवली. तक्त्यात हाही रकाना नव्हता.

शेगडी दोन बर्नरची. कुकर ठेवला तर मूठ भिंतीला अडली. फिरवला, दुसरी मूठ अडली. मग तिरका धरून जरा दाबला आणि बसला! आता नुसता बसला यावर कोण विश्वास ठेवणार? घरून डाळ-तांदूळ धुऊन आणलेच होते.

मालक यांना तोवर बोटीची परीक्षा कशी करतात ते शिकवत होते. फायबरमध्ये पाणी मुरलं की त्याला फोड येतात, म्हणून हातोडीने हळू ठोकून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर संशय. हे माझा डाव घेऊन ठोकत सुटले. नारळ आम्हीही असेच वाजवून घेतो, फक्त पाणी असलेला घेतो.

मिक्सरचं विचारलं. साडेसातशे वॉटचा म्हटल्यावर मालकांनी बोटांवर हिशेब केला: बारा व्होल्टच्या बॅटरीतून साठावर अँपिअर. "चटणी होईल," ते म्हणाले, "पण मग रात्री दिवा लावू नका." संडासाचं प्रात्यक्षिकही झालं. आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडा, मग दट्ट्या वीसेक वेळा हापसा, मग कॉक आठवणीने बंद करा, नाहीतर समुद्र घरात. सोलापूरचा माणूस हापशाला घाबरत नाही, पण पहाटे तीन वाजता? यांचा चेहरा मी बघितला.

इतक्यात शिट्टी झाली.

म्हातारबुवा ताडकन उठले. बोटीवरचा गॅस हवेहून जड, गळला तर तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. चाळीस वर्षं त्याच धास्तीत काढलेला माणूस तो. गॅसचा मुख्य कॉक बंद करायला झेपावले, तोवर दुसरी शिट्टी. हे "नो, नो, राइस!" असं ओरडत मध्ये उभे. तिसरीला सगळ्या काचांवर वाफ धरली आणि छतावरून थेंब थेट लॅपटॉपवर.

या धांदलीत पाणी गेलं. होडी चिखलात रुतली आणि किनारा समोर दिसत असून भरती येईपर्यंत कुणालाच उतरता येईना. चार-पाच तास. तेव्हा तिघांनी मांडीवर ताटल्या घेऊन वरण-भात खाल्ला, वर लिंबाचं लोणचं. म्हातारबुवांनी आधी चमच्याच्या टोकावर घेतलं, मग ताटली पुढे केली, मग कुकरमध्येच डोकावले.

यांनी योग्य वेळ साधून तक्ता उघडला आणि खाकरून विचारलं, "मग, शेवटचं काय घ्याल?"

"बोटीचं नंतर बघू," म्हातारबुवा कुकर हातात घेऊन शिट्टी वर-खाली करत म्हणाले. "याचं काय घ्याल?"