संशयाचं गाणं लिहिताना घ्यावयाची काळजी

जोडीदाराच्या बाहेरख्यालीपणावर कंट्री गाणं लिहू इच्छिणाऱ्यांनी आधी पुरावे गोळा करणं थांबवावं. रंगेहाथ सापडलेला नवरा वकिलाच्या कामाचा, गीतकाराच्या नव्हे. कॅरी अंडरवूडचं ‘बिफोर ही चीट्स’ पाहा. नायिकेने डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही. तो बारमध्ये कुणा सोनेरी केसांच्या मुलीबरोबर नाचत असेल, तिला पूल खेळायला शिकवत असेल, असा सगळा पंचनामा अंदाजाने. आणि तेवढ्यावर बाई त्याच्या गाडीवर किल्लीने ओरखडे काढते, बॅटने दिवे फोडते, चारही टायर फाडते. कोर्टाने तिच्याकडूनच भरपाई वसूल केली असती. २००८ साली गाण्याला दोन ग्रॅमी मिळाली.

पुरावा जितका तोकडा तितकं गाणं लांब पल्ल्याचं. डॉली पार्टनच्या ‘जोलीन’मध्ये (१९७३) नवऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो झोपेत एक नाव पुटपुटतो. बँकेतली एक तांबड्या केसांची कर्मचारी आपल्या नवऱ्याकडे जरा जास्तच लक्ष देई, त्यावरून हे सुचलं, असं डॉलीबाईच सांगतात. (नवरा शेवटपर्यंत त्यांचाच राहिला.) मेल टिलिसने ‘रूबी’ लिहिताना तर शंकेखोराला युद्धात जायबंदी करून अंथरुणावरच टाकलं. बायको नटताना दिसते, दार लागल्याचं ऐकू येतं. मागोमाग जाऊन खात्री करायची सोयच नाही. नवशिक्यांनी हा बंदोबस्त जरूर अभ्यासावा.

कुणी म्हणेल, हँक विल्यम्सच्या ‘युअर चीटिन हार्ट’मध्ये शंका कुठे आहे? नाही, मान्य. पण तिथे बाईचा पश्चात्ताप, रडणं, तळमळणं सगळं पुढे व्हायचं आहे; गाणं संपेपर्यंत तिच्या डोळ्यांतून टिपूसही आलेलं नाही. गुन्हा सिद्ध झालाच, तर शिक्षा अशी लांबणीवर टाकावी.

आरोपीची बाजू कुणी ऐकतच नाही, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९५२ साली हँक थॉम्पसनने ‘द वाइल्ड साइड ऑफ लाइफ’मध्ये बारच्या झगमगाटाला भुललेल्या बाईवर ठपका ठेवला. त्याच वर्षी किटी वेल्सने उलट गाऊन विचारलं, की लग्न झालेले पुरुष तिथे अविवाहित असल्यासारखे मिरवतात त्याचं काय? एनबीसी रेडिओने गाणं वाजवायला नकार दिला, तरी ते ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत पहिलं आलं, एकट्या गायिकेला तो मान प्रथमच मिळाला. तेव्हा आरोपीचं म्हणणं आपल्या कडव्यांत कोंबू नये. ते मांडायला दुसरी कुणीतरी येतेच, फक्त तिची रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेलेली पाहायची तयारी ठेवावी.