लूपशास्त्री

प्रत्येक ऑफिसात एक लूपशास्त्री असतोच. बारा महिन्यांची नावं पडद्यावर दाखवायची असली, तरी आपला जावास्क्रिप्ट कोड पाहून तो च्च करतो. "फॉरईच? दर फेरीला एक फंक्शन बोलावतोस?" मग आपलं पुसून जुना फॉर लूप लिहितो, ॲरेची लेंग्थ आधीच वेगळी काढून ठेवतो आणि अंगात आलंच तर लूप शेवटाकडून शून्याकडे उतरवतो. हे सोवळं आता बरंचसं जुनं झालं. 2008 साली क्रोमबरोबर व्ही-एट इंजिन आलं. वारंवार चालणारा कोड इंजिन स्वतःच घासूनपुसून पळवतं. पण फ्रिज आला म्हणून आईने दूध तीनदा तापवणं कुठे सोडलं?

एका लग्नासाठी कुंभकोणमला गेलो, तेव्हा आमचे शास्त्रीबुवा बरोबर होते. जवळच पापनाशम्. तिथल्या रामलिंगस्वामी देवळात 108 शिवलिंगं. खर-दूषणांना मारल्याचं पाप फेडायला रामाने ती स्थापली, अशी कथा. सीतेने वाळूची 107 केली. काशीहून लिंग आणायला गेलेला मारुती उशिरा पोचला, म्हणून त्याचं बाहेर.

मी एकेका लिंगापुढे हात जोडत होतो.

"हे फॉरईच झालं," बुवा कुजबुजले. "मधे ब्रेक मारता येत नाही." आणि शेवटच्या रांगेकडून सुटले.

बाहेर आलो तर बुवा चपला घालून उभे. मोजली किती? 107. मारुतीचं राहिलं की!

"शून्यापासून मोजलीत," बुवा शांतपणे म्हणाले. "107 म्हणजे 108च."

पितळी डबऱ्यातली डिग्री कॉफी निवते न निवते तोच फोन आला: बुवांनी केलेलं पान अडकत होतं. लूप बघितला, निर्दोष होता. पण आत दर फेरीला ते ब्राउझरला एका चौकटीची उंची विचारत आणि लगेच ती बदलत. बिचारा ब्राउझर प्रत्येक वेळी पानाची मांडणी नव्याने करी. मी आधी सगळ्या उंच्या विचारून घेतल्या, बदल मागाहून एकदम केले. पान पळू लागलं.

बुवांनी माझा कोड बारकाईने तपासला, फॉर-ऑफ काढला आणि फॉर घातला.