तात्यांचा बाळू

निवृत्त झाल्यावर कुणी योगासनं धरतं, कुणी दासबोध. हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या आमच्या तात्यांनी बँक सोडली आणि एक फॉन्ट धरला.

फॉन्टचं नाव 'बलू'. मुंबईच्या 'एक टाइप'ने २०१६ साली आणलेला. तात्या त्याला 'बाळू'च म्हणतात. अक्षरं जाड, गुबगुबीत, कुठे कोपरा म्हणून नाही. त्यातला 'क' पाहिला की दूधभात खाऊन सुस्तावलेलं पोर आठवतं. शिवाय तो फुकट मिळतो, हे तात्यांच्या मते सौंदर्याचं शेवटचं प्रमाणपत्र.

बाळूचा गोतावळाही मोठा. बंगालीत तो 'बलू दा', पंजाबीत 'बलू पाजी', तेलुगूत 'बलू तम्मुडु', म्हणजे धाकटा भाऊ, आणि उर्दूत 'बलू भाईजान'. हैदराबादच्या फलकाला या भावंडांची गरज पडतेच. "तिघं भाऊ एका पंगतीला बसतात हो!" असं सांगताना तात्यांचा गळा दाटतो. त्यांच्या सख्ख्या भावांचा वाडा अजून कोर्टात आहे.

तेलुगू अक्षर जात्याच जिलबीच्या वळणाचं, त्याला ही गोलाई सहज शोभते. आपल्या देवनागरीला मात्र शिरोरेषेचा ताठ कणा. तिला बाळसं चढवायचं म्हणजे कसब. ते या फॉन्टने साधलंय, हे मान्य. गणेशोत्सवाचा बॅनर, बालनाट्याची जाहिरात, फराळाच्या स्टॉलची पाटी ही बाळूची खरी घरं. रस्त्यापलीकडून 'चकली' वाचली तरी कुरकुर ऐकू येते.

पण तात्यांना थांबायचं कुठे ते कळत नाही. आमच्या मंडळाचा वार्षिक अहवाल त्यांनी बाळूतच लावला, तोही बारीक आकारात. जाड अक्षरांची पोटं बुजली, जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलून झोपली आणि ताळेबंद मुंग्यांच्या वारुळासारखा दिसू लागला. छत्ता बाजारातला छापखानेवाला हात जोडून म्हणाला, "तात्यासाब, इसकू हेडिंग में बिठाओ, हिसाब में नक्को!" आता बाळूला पाच वजनं आहेत, त्यातलं हलकं तरी घ्या, असं मीही सुचवलं. "उपाशी ठेवू त्याला?" तात्या कळवळले.

पुढे मंडळाच्या वाचनालयात वर्षानुवर्षं पुस्तकं दाबून बसलेल्यांना दम द्यायचं ठरलं. तात्यांनी नोटीस केली: 'पुस्तके ताबडतोब परत करा, अन्यथा दंड होईल.' बाळूतला तो 'दंड' इतका लोभस दिसला की दोन थकबाकीदार नोटिशीचं कौतुक करून आणखी एकेक पुस्तक घेऊन गेले.

चिटणीस भडकले. "तात्या, तुम्ही धमकी देताय की बारशाचं आमंत्रण? कडक अक्षरं घ्या!"

तात्या दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी भिंतीवर नवी नोटीस लागली. अक्षरं उभी, सडसडीत, कोपरा बोटाला लागेल अशी टोकदार. वाचनालय गपगार झालं. चिटणिसांनी समाधानाने चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पूर्ण मजकूर वाचला:

'पुस्तके ताबडतोब परत करा. (वाचून झाली असतील तर.)'